उलटं घड्याळ, एक्सेलवाले आणि आपला हायवे

(पोस्ट लांबलचक आहे. रविवार आहे, चहा घेऊन वाचा.)

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत आहे. नेहमी हसत बोलतो, त्या दिवशी आवाज उतरलेला होता.

"मामा, तू लिहितोस ना, मला एक पान लिहून दे. आमच्या पीएमओने कंपनीला काय दिलं, ते सांगायचंय."

मी म्हटलं, अरे, तू थेट दिल्लीत कधी गेलास?

"ते पीएमओ नाही रे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस."

मग त्याने सगळं सांगितलं. कंपनीत खर्च कमी करायचं वारं आलंय. नजर पहिली गेली ती याच्या ऑफिसवर, कारण ही माणसं स्वतः कोड लिहीत नाहीत, काही विकत नाहीत, गिऱ्हाईकाशी बोलत नाहीत. बाकीचे त्यांना 'एक्सेलवाले' म्हणतात. रोज येऊन विचारतात, कुठवर आलं, कधी होणार, का झालं नाही. आता वरून प्रश्न आलाय की तुमची गरज काय, ते एका पानात लिहून द्या. भाच्याचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालंय, वाकडला फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. त्यामुळे त्या एका पानाला त्याच्यासाठी बरीच किंमत आहे.

मी तालुक्याचा पत्रकार. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षांहून जास्त काळ नगरपालिका, पंचायत समिती, एसटी डेपो आणि तहसील कचेरी यांच्या चकरा मारतोय. मला मॅनेजमेंटचं काय कळतंय, असं आधी वाटलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, हा विषय आपण लहानपणापासून बघत आलोय. आमच्या घराच्या मागून रेल्वे जाते आणि पुढून हायवे. दोन्हींची कामं डोळ्यांसमोर झाली. म्हणजे एक झालं, दुसरं अजून चालूच आहे. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. त्याला एक पान पाठवलं. बाकी जे डोक्यात आलं ते इथे लिहितो.

आधी हे ऑफिस म्हणजे काय, ते आपल्या भाषेत. लग्नघर डोळ्यांपुढे आणा. आचारी आपलं काम जाणतो, मांडववाला जाणतो, भटजी जाणतात, बँडवालाही जाणतो. तरी घरात एक काका लागतो, खिशात छोटी वही ठेवणारा. मुहूर्त कितीचा, वऱ्हाडाची गाडी कुठे अडकलीय, पंगत उशिरा बसली तर परतीची गाडी चुकेल का, कुणाचे किती पैसे द्यायचे राहिलेत, हे सगळं त्याच्याकडे. तो स्वतः भाजी चिरत नाही की सनई वाजवत नाही. पण तो नसला तर काय होतं, हे आपण सगळ्यांनी एकदा तरी बघितलंय. मोठ्या कंपनीत एका वेळी पन्नास कामं चालू असतात. एकाचा उशीर दुसऱ्याच्या मुळावर येतो. तो वहीवाला काका म्हणजे पीएमओ.

आता ही वही आली कुठून, ते पाहू.

अमेरिकेत ड्यूपाँ नावाची रसायनांची प्रचंड मोठी कंपनी आहे. १९५७ च्या सुमारास तिथले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कॉम्प्युटर कंपनीतले जेम्स केली यांनी मिळून एक पद्धत बसवली. विचार साधा होता. कुठल्याही मोठ्या कामात शेकडो छोटी कामं असतात, पण सगळ्यांचा उशीर सारखा नसतो. काही कामं चार दिवस लांबली तरी काही बिघडत नाही. काही मात्र अशी असतात की ती एक दिवस लांबली, तर अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. घर बांधताना रंगाचा डबा उशिरा आला तर चालतं. स्लॅबचं सिमेंट उशिरा आलं तर पुढचं सगळं अडतं. अशा अडवणाऱ्या कामांची साखळी शोधायची आणि सगळं लक्ष तिच्यावर ठेवायचं. या पद्धतीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात तिची चाचणी झाली. देखभालीसाठी तो कारखाना सरासरी १२५ तास बंद ठेवावा लागायचा. ते ९३ तासांवर आलं. वाचलेल्या प्रत्येक तासात कारखाना माल काढत होता. नुसत्या कागदावरच्या आखणीने पैसा वाचतो, हे कंपन्यांना आकड्यांत दिसलं.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट अमेरिकन नौदलाची. पाण्याखालच्या पाणबुडीतून अण्वस्त्र वाहणारं क्षेपणास्त्र सोडायचं होतं, नाव पोलारिस. १९५५ च्या शेवटी त्यासाठी नौदलाच्या नेहमीच्या खात्यांबाहेर एक स्वतंत्र कार्यालय काढलं, 'स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस'. प्रमुख विल्यम रेबॉर्न नावाचे अ‍ॅडमिरल. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेचं धाबं दणाणलं. पोलारिसची तारीख कित्येक वर्षं अलीकडे ओढली गेली. कंत्राटदार असंख्य, शास्त्रज्ञांच्या तुकड्या वेगवेगळ्या गावांत. त्यांच्यासाठी 'पर्ट' नावाची आखणीची पद्धत निघाली. भिंतभर तक्ते, दर आठवड्याला बैठक. २० जुलै १९६० ला पाण्याखालच्या जॉर्ज वॉशिंग्टन पाणबुडीतून क्षेपणास्त्र सुटलं. जगभर बोलबाला झाला, की हा पर्टचा चमत्कार. मग काय, प्रत्येक मोठ्या कंपनीला तसे तक्ते आणि तसं ऑफिस हवं झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. हार्वे सापोल्स्की नावाच्या अभ्यासकाने पुढे पोलारिसचा सगळा कारभार तपासला आणि १९७२ मध्ये पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं, की त्या गाजलेल्या तक्त्यांचा प्रत्यक्ष कामाला झालेला उपयोग बेताचाच होता. तक्त्यांनी मुख्य काम केलं ते वेगळंच. बाहेरच्यांवर छाप पाडली. संसदेचे लोक, वरिष्ठ, इतर खाती ते तक्ते बघून गप्प बसायचे. त्यामुळे पोलारिसच्या लोकांना कुणाच्या ढवळाढवळीविना काम करता आलं. काम झालं ते त्या ऑफिसकडे अधिकार होता, पैसा होता आणि चांगली माणसं होती म्हणून. बाकीच्या जगाने मात्र नक्कल केली ती तक्त्यांची.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावची पाणीयोजना आठवली. प्रकल्प सल्लागार नेमलेला, म्हणजे सगळे ज्याला पीएमसी म्हणतात तो. दर महिन्याला स्पायरल बाइंडिंगचा जाडजूड अहवाल, रंगीत फोटो, गोल आलेख. अहवालात काम नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेलं. आणि वरच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन त्याच विहिरीवर. मी विचारायला गेलो, राहिलेलं काम नक्की कुठे अडलंय? एका टेबलाने दुसरं टेबल दाखवलं, दुसऱ्याने तिसरं. शेवटी कळलं की टाकी झाली, पाइप पडले, पण मधला एक तुकडा दुसऱ्या खात्याच्या रस्त्याखालून जातो आणि त्याची परवानगीच कुणी मागितली नव्हती. म्हणजे ड्यूपाँच्या भाषेत, जी साखळी अडवते तीच कुणी बघितली नव्हती. टक्केवारी मात्र दर महिन्याला वाढत होती.

आता आमच्या घरामागच्या रेल्वेकडे येतो.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. बॅरिस्टर नाथ पैंनी लोकसभेत ती लावून धरली, नंतर मधु दंडवत्यांनी. दिवा-पनवेल मार्ग १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आला. तिथून रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. वीस वर्षांत एवढंसं अंतर. कारण साधं होतं. रेल्वेच्या वार्षिक बजेटात शंभर मार्ग रांगेत उभे असायचे, प्रत्येकाच्या ताटात चमचाभर पैसा पडायचा. त्या वेगाने रूळ सावंतवाडीला यायला आमच्या नातवंडांचे दिवस आले असते. आमची आजी म्हणायची, "रेल्वे? माझ्या हयातीत नाय यायची."

१९८९ च्या शेवटी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री. दोघेही किनाऱ्याशी नातं असलेले. १९९० मध्ये त्यांनी नेहमीची वाट सोडली. रेल्वेच्या एखाद्या विभागाकडे काम न देता कंपनी कायद्याखाली वेगळं महामंडळ काढलं. रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोखे विकून बाजारातून उभा करायचा. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन. १९६४ च्या वादळात पांबनचा समुद्रातला पूल वाहून गेला होता, दुरुस्तीला तीन महिने दिले होते, या माणसाने तो ४६ दिवसांत उभा केला होता. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी झाली.

माझ्या मते कोकण रेल्वे महामंडळ हेच मुळात एक मोठं प्रकल्प कार्यालय होतं. एकच काम, एकच मार्ग, एकच मालक. रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा मार्ग सात विभागांत वाटला: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. त्याला जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार. बारीकसारीक मंजुरीसाठी फाईल दिल्लीला पाठवायची नाही. ठेकेदाराचं बिल महिनोन्‌महिने अडकवायचं नाही. आणि बेलापूरच्या मुख्य कार्यालयाला प्रत्येक बोगद्याचं, प्रत्येक पुलाचं खरं चित्र माहीत असायला हवं. खरं, म्हणजे वाईट असलं तरी खरं.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या भातखाचरांतून पोरगेलेसे इंजिनियर फिरायचे. लाल-पांढऱ्या काठ्या रोवायचे, मोटरसायकलवरून चढणी-उतरणी पालथ्या घालायचे. आमच्या काकांचं एक खाचर आणि चार कलमं गेली. संपूर्ण मार्गावर असे ४२ हजारांच्या आसपास खातेदार होते. एवढ्या लोकांची जमीन ताब्यात घ्यायची म्हणजे रूळ टाकण्याहून अवघड काम, आणि कितीतरी प्रकल्प तिथेच मरतात. काकांकडे माणूस घरी आला, ओटीवर बसला, सात-बारा समजावून घेतला, चहा प्याला. काकांना मोबदला फार मिळाला असं नाही. कलमांचं दुःख ते मरेपर्यंत सांगायचे. पण त्यांना कचेरीत फेऱ्या माराव्या लागल्या नाहीत, हेही ते सांगायचे.

कामाचा आवाका एकदा डोळ्यांपुढे आणा. सुमारे ७४० किलोमीटर. लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. नव्वदहून जास्त बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब. आणि वर आमचा पाऊस. वर्षातले चार महिने मातीकाम जवळपास बंद.

पाच वर्षांत पुरं करायचं ठरलं होतं. तसं झालं नाही, हेही सांगायला हवं. गोव्यात मार्गावरून मोठं आंदोलन झालं. खाजन जमिनी, जुन्या गोव्याचा वारसा, वस्त्या हे मुद्दे खरे होते. न्यायमूर्ती ओझा यांची समिती नेमली गेली, तिथलं काम अडलं. मग पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण आत दगड नाही, भिजलेली चिकणमाती. खणलं की कोसळायचं. शेवटचा अडथळा तोच होता. बाकी सगळा मार्ग तयार आणि एका बोगद्यासाठी अख्खी रेल्वे थांबलेली. क्रिटिकल पाथ म्हणजे काय, हे त्या काळात पेडण्याने कोकणाला शिकवलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. साडेसात वर्षांच्या आत. खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास, मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. आजीला आम्ही पॅसेंजरने रत्नागिरीला नेली. बोगद्यात अंधार झाला की ती माझा हात घट्ट धरायची आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "झाला काय संपून?"

तुलनेसाठी दुसरा मार्ग घ्या. अहमदनगर-बीड-परळी. २६१ किलोमीटर, १९९५ च्या सुमाराला मंजूर. नेहमीच्या वाटेने गेला. दरवर्षी थोडा पैसा, थोडी जमीन, थोडी माती. नगरहून बीडपर्यंत गाडी पोचायला २०२५ उजाडलं. मराठवाड्यातला माणूस कमी ओरडला असं नाही, तिथल्या पुढाऱ्यांचं वजन कमी होतं असंही नाही. तिथे सह्याद्रीचे कडे नव्हते, कोकणातला पाऊसही नव्हता. त्या मार्गासाठी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त त्याच मार्गाचा विचार करणारं, हातात पैसा आणि अधिकार असलेलं ऑफिस नव्हतं.

हे एवढंच लिहून थांबलो असतो तर पोस्ट छान गोड झाली असती. पण पत्रकाराने अर्धी गोष्ट सांगू नये.

श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोत गेले. तिथे त्यांनी उलटी घड्याळं लावली. काम संपायला किती दिवस उरले, ते आकडे रोज कमी होत जाणारे फलक. पहिला टप्पा २००५ मध्ये ठरल्या तारखेच्या बराच आधी पुरा झाला. कौतुक झालंच पाहिजे. पण उलटं घड्याळ एकच गोष्ट मोजतं, उरलेले दिवस. जे त्यात मोजलं जात नाही ते नंतर समोर येतं.

कोकण रेल्वेचे कितीतरी कटिंग उभे कापलेले होते. डोंगर तारीख बघत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आली आणि हॉलिडे स्पेशल तिच्यावर आदळली. ५१ माणसं गेली. मी तेव्हा नुकताच बातमीदारीला लागलेलो. पावसात भिजत तिथे पोचलो, त्या रात्रीबद्दल मी आजवर फारसं लिहिलेलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडाला धडकून घसरली. पुन्हा बळी गेले. त्यानंतर जाळ्या लागल्या, उतार कमी केले गेले, भिंती बांधल्या, पावसाळ्याचं वेगळं संथ वेळापत्रक आलं. हे काम आजही चालू आहे. बांधकामाच्या वेळी बोगद्यांत आणि पुलांवर गेलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनवर आहे. पुढच्या वेळी गाडीला उशीर असेल तेव्हा तिथे दोन मिनिटं उभे राहा. आणि कर्जाचं व्याज महामंडळाच्या मानगुटीवर कित्येक वर्षं बसलं. आता महामंडळच भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललंय, २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. बांधायला काढलेलं ऑफिस चालवायला पुरं पडत नाही, हा त्यातला एक धडा.

तरीही तिथे एक गोष्ट होती. चूक झाली तर बोट कुणाकडे दाखवायचं, हे ठाऊक होतं. २००९ च्या जुलैत दिल्लीत मेट्रोचा बांधकामातला पूल पडून माणसं मेली, तेव्हा श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, ती गोष्ट वेगळी. पण 'हे माझं आहे' असं म्हणणारा कुणीतरी होता.

आणि आता घरापुढचा हायवे.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ मध्ये सुरू झालं. पंधरा वर्षं होत आली. ज्या कोकणात साडेसात वर्षांत नव्वद बोगदे खणले गेले, त्याच कोकणात त्याच्या दुप्पट काळात रस्ता रुंद होत नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी मंत्री पाहणी करतात, खड्डे भरतात, पुढची तारीख देतात. दरवर्षी चाकरमानी त्याच रस्त्यावर रात्र काढतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग भर दिवसा कोसळला. माझ्या वर्गातले दोघं या रस्त्यावर गेले. एक खड्डा चुकवताना, एक अर्धवट सोडलेल्या वळणावर.

का होत नाही? पैसा नाही असं कुणी म्हणत नाही. तंत्रज्ञान १९९० पेक्षा कितीतरी पुढे गेलंय. मी या रस्त्यावर इतक्या बातम्या केल्यात की त्यांची फाईल जाड झालीय. त्या फाईलचं सार एवढंच, की हा रस्ता अख्खा असा कुणाचाच नाही. पनवेल ते इंदापूर एका यंत्रणेकडे, पुढचा दुसऱ्या यंत्रणेकडे, तोही तुकड्यातुकड्यांत. प्रत्येक तुकड्याचा ठेकेदार वेगळा, काही मधेच बदललेले. जमीन महसूल खात्याकडे, झाडं वनखात्याकडे, विजेचे खांब वीज कंपनीकडे. प्रत्येकाला विचारलं तर आपापलं काम 'प्रगतिपथावर'. माझ्या गावचा तुकडा गुळगुळीत आणि पुढच्या गावचा खड्ड्यात असेल तर अँब्युलन्सला काय फायदा? रस्ता तुकड्यांत मोजायचा नसतो, तो मुंबईहून सावंतवाडीला पोचतो का ते बघायचं असतं. ते बघणारं, अधिकार असलेलं एकच ऑफिस नाही. तक्ते मात्र ढिगाने आहेत.

म्हणून भाच्याला पाठवलेल्या पानात मी त्याच्या ऑफिसची स्तुती लिहिली नाही. चार प्रश्न लिहिले. यांची उत्तरं 'हो' असतील तर तुमचं ऑफिस कंपनीने जपून ठेवावं. 'नाही' असतील तर माणसं न कमी करता आधी ऑफिस सुधारावं.

एक, काम कुणाचं आहे, हे तुमच्याकडे एका नावाने सांगता येतं का? खात्याच्या नाही, माणसाच्या नावाने.

दोन, कुठलं काम अख्ख्या साखळीला अडवतंय, हे तुम्हाला आज माहीत आहे का? की नुसती टक्केवारी माहीत आहे?

तीन, ते अडलेलं काम सोडवायला पैसा किंवा माणूस इकडून तिकडे हलवायचा अधिकार तुमच्याकडे आहे का? निदान जो हलवू शकतो त्याच्या दारात त्याच दिवशी जाता येतं का?

चार, वाईट बातमी वर पोचते का?

रात्री उशिरा त्याचा फोन आला. पहिले तीन प्रश्न त्याला पटले होते. चौथ्यावर जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आमच्या शीटमध्ये हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. काम नीट असेल तर हिरवा, अडलं तर लाल. पण लाल रंग लावायला आधी वरून विचारावं लागतं. ते म्हणतात, पिवळा ठेव, गिऱ्हाईक बघेल. आमच्यात अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आतून लाल."

मी म्हटलं, मग तुझ्या पानावर पहिली ओळ हीच लिही. आम्हाला न विचारता लाल रंग लावू द्या. वर्षभर करून बघा. त्यानंतरही आमची गरज वाटली नाही तर बंद करा.

"आणि हे लिहिल्यावर मलाच काढलं तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वीस वर्षांत मीही अशा बातम्या केल्यात आणि जाहिराती गमावल्यात. एवढंच म्हणालो, की पेडण्याच्या बोगद्यातल्या इंजिनियरने आत चिखल आहे म्हणून वर कळवलं नसतं आणि 'काम प्रगतिपथावर' लिहिलं असतं, तर आज तुझी गाडी गणपतीला घरी आली नसती.

त्याने पान दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की कळवीन.

तोवर एक काम तुमच्यासाठी. तुमच्या तालुक्यात जे काही वर्षानुवर्षं चाललंय, पूल असो, पाणीयोजना असो की रुग्णालयाची इमारत, तिथे जाऊन 'किती टक्के झालं' असं विचारू नका. विचारा, 'सध्या नक्की कशासाठी अडलंय, आणि ते सोडवायचा अधिकार कुणाला आहे?' उत्तरात एक नाव मिळालं तर काम होईल. पाच टेबलं मिळाली, तर काय समजायचं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.